साधा एसी की हीट पंप?
ग्वाल्हेरात आपण मे महिन्यात ४५ अंशांचा पारा सोसतो आणि जानेवारीत कुडकुडतो. म्हणून नवा एसी घेताना ‘हॉट अँड कोल्ड’चाही विचार करावा. हाच हीट पंप. उन्हाळ्यात तो घरातली उष्णता बाहेर टाकतो. थंडीत हेच चक्र उलटे फिरवून बाहेरची उष्णता आत आणतो. साधा हीटर एका युनिट विजेतून एकच युनिट उष्णता देतो, हीट पंप साधारण तीन. हीटर वर्षातून आठ-दहा दिवसच लागत असेल, तर जादा किंमत वसूल होणे कठीण. घरात वृद्ध किंवा तान्हे बाळ असून हीटर रोज तासन्‌तास चालत असेल, तर हीट पंपच बघावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीही नको. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.