जुन्या दप्तरांची दिवाबत्ती

जुने कागद सांभाळणाऱ्या लहान लहान संस्था आपल्याकडे पुष्कळ आहेत. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ घ्या, ठाण्याचे १८९३ सालचे मराठी ग्रंथसंग्रहालय घ्या, नाहीतर तुमच्याच तालुक्याचे एखादे शंभरी ओलांडलेले वाचनालय घ्या. रुमालात बांधलेली मोडी दप्तरे, जुन्या सभांची इतिवृत्ते, बंद पडलेल्या साप्ताहिकांचे अंक असे धन या संस्थांच्या कपाटांत असते. कसर, वाळवी आणि पावसाळ्याची ओल ही त्या धनाच्या मागे हात धुऊन लागलेली असतात. म्हणून हल्ली जो तो सांगतो, ‘एकदा स्कॅन करून टाका, म्हणजे काळजी मिटली.’

खरेच मिटते का? इंग्लंडातले एक उदाहरण पाहा. १०८६ साली विल्यम राजाने तिथल्या बहुतेक मुलखाची पाहणी करून जमीनजुमल्याची नोंद करविली. तिला ‘डूम्सडे बुक’ म्हणतात. तिला ९०० वर्षे झाली तेव्हा, म्हणजे १९८६ साली, बीबीसीने नव्या काळाची तशीच पाहणी सिद्ध केली. दहा लाखांवर लोकांनी तिला हातभार लावला. त्यांत शाळेतली मुले पुष्कळ होती. सगळा मजकूर आणि चित्रे लेसर तबकड्यांवर भरली. पण पंधरा-सोळा वर्षे होतात न होतात तोच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली, आणि आतला मजकूर सोडवून घ्यायला तज्ज्ञांना मोठी खटपट करावी लागली. कातड्यावर लिहिलेले मूळ पुस्तक मात्र आजही उघडून वाचता येते!

याचा अर्थ संगणकातली प्रत वाईट, असा नव्हे. मूळ कागदाची हाताळणी वाचते, दूरच्या अभ्यासकाला घरबसल्या तो पाहता येतो, आणि पुरात किंवा आगीत मूळ गेलेच तर निदान छबी तरी उरते. पण कोरड्या पेटीत ठेवलेला चांगला कागद पन्नास वर्षे विसरलात तरी तो तुमची वाट पाहत राहतो. हार्ड डिस्कचे तसे नाही. ती पाच-सात वर्षांतही दगा देऊ शकते. म्हणून जाणकारांचा नियम असा, की प्रती तीन असाव्यात, त्या दोन तऱ्हेच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी परगावी असावी. शिवाय प्रत्येक फाइलीचा हिशेब करून संगणक एक आकडा काढून देतो. त्याला चेकसम म्हणतात. फाइलीत कुठे तीळभर बिघाड झाला, तरी पुन्हा काढलेला आकडा जुळत नाही. शाळेत आपण गुणाकाराचा ताळा पाहत होतो ना, तसाच हा ताळा. तो दरसाल पाहावा लागतो.

आता खर्चाकडे वळू. समजा, एका संस्थेजवळ ५० हजार कागद आहेत. दोन्ही बाजू धरल्या तर १ लाख छब्या झाल्या. साध्या टंकलेखनाच्या कागदाएवढी रंगीत छबी, इंचाला ३०० ठिपके या मापाने, दाबून लहान न करता ठेवली, तर सुमारे २५ मेगाबाइट होते. म्हणजे एक प्रत अडीच टेराबाइटची. एवढे आज एका डिस्कवर मावते. तेव्हा खरा खर्च डिस्कचा नाही. तो माणसाचा आहे. कागद हलक्या हाताने उलगडणारा हवा, मोडी वाचून यादी करणारा हवा, ताळा पाहणारा हवा, आणि काही वर्षांनी सगळे नव्या डिस्कवर उतरवणाराही हवा. यादीच नसेल, तर लाख छब्यांतून हवी ती सनद शोधायची कशी?

आणि नेमका इथेच पैसा आटतो. स्कॅनर द्यायला देणगीदार मिळतो. त्यावर नावाची पाटी लावता येते. पण ताळा पाहण्याला पाटी कुठे लावणार? ब्रिटिश लायब्ररीने २००४ साली सुरू केलेल्या योजनेतून धोक्यात आलेल्या दप्तरांच्या छब्या घ्यायला अनुदान मिळते, पण तेही ठरल्या मुदतीचे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा काही भाग समाजकार्यावर खर्चायला लावला, आणि वारसाजतन त्या कार्यांत मोडते. पण कुठल्याही संस्थेच्या कायम निधीत घातलेली रक्कम २०२१ पासून त्या खर्चात धरत नाहीत. म्हणजे काम सुरू करायला पैसा आहे, चालू ठेवायला नाही.

आपल्या पूर्वजांना ही अडचण ठाऊक होती. देऊळ बांधणारा दिवाबत्तीसाठी जमीन लावून देई. त्याच्याही आधीचा दाखला नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेला आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने आपल्या लेण्यातल्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांची अक्षयनीवी केली. त्यांतले २००० गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले, आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ वस्त्रासाठी द्यावेत असे लिहिले आहे. हिशेब चोख जुळतो!

लहान संस्थांनी हाच धडा गिरवावा. अंदाजपत्रकात छब्या घेण्याचा खर्च आणि सांभाळण्याचा खर्च अशी दोन सदरे वेगळी दाखवावीत. अनुदान मागतानाच त्यात यादीचे आणि पहिल्या काही वर्षांच्या देखभालीचे पैसे धरावेत. कायम निधी मात्र गावच्या माणसांकडून, आणि पोटापाण्यासाठी मुंबईला किंवा परदेशी गेलेल्यांकडून उभा करावा. समजा, देखभालीला वर्षाला ३० हजार रुपये लागतात. शेकडा सहा व्याज धरले तर ५ लाखांचे मुद्दल पुरे. म्हणजे हजार हजार रुपये देणारी पाचशे घरे. महागाईसाठी त्यात थोडी भर दरसाल घालत राहावी. दोन गावांच्या संस्थांनी एकमेकींची एकेक प्रत सांभाळली, तर परगावच्या प्रतीला फारसा खर्चही येत नाही. आणि एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे : छबी घेतली म्हणून मूळ कागद रद्दीत घालू नये.

तुमच्या गावचे वाचनालय स्कॅनरसाठी वर्गणी मागायला आले, तर जरूर द्या. पण देताना विचारा, ‘दहा वर्षांनी ही प्रत कोण उघडून पाहणार, आणि त्याचा पगार कुठून निघणार?’ उत्तर तयार नसेल, तर पावतीवर आपली वर्गणी ‘कायम निधीसाठी’ म्हणून लिहून घ्या.