परदेशातल्या मंडळाचं काम काय?

गेल्या खेपेस आपण व्यक्ती आणि समाज यांच्या नात्याबद्दल बोललो. आज तोच विषय एका साध्या उदाहरणातून पाहू.

आम्ही कात्रजला राहतो. संध्याकाळी सोसायटीतल्या बाकांवर आम्ही आठ-दहा निवृत्त माणसं बसतो. त्यांतल्या निम्म्यांची मुलं परदेशात. परवा एक जण वैतागून म्हणाले, "इतक्या लांब गेले, आणि तिथेही गणपती, हळदीकुंकू नि बटाटेवडे! हेच करायचं होतं तर गेले कशाला?" सगळे हसले, आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र वाटलं, प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परक्या देशात माणसाला आपल्या लोकांची संस्था का लागते?

पहिलं उत्तर आहे सोबत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं, न. चिं. केळकरांनी स्थापन केलेलं. उत्तर अमेरिकेतल्या गावोगावच्या मंडळांची शिखरसंस्था म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळ, ते 1981 मध्ये शिकागोला सुरू झालं. दर दोन वर्षांनी त्याचं अधिवेशन भरतं. बाहेरून बघणाऱ्याला नाटकं, गाणी आणि जेवणावळी दिसतात. त्यामागचं काय दिसत नाही, ते आम्हाला एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलं. त्याचे वडील त्याच्याकडे गेले असताना तिथेच वारले. तो म्हणाला, "सर, रात्री दोनला मंडळातल्या एकाला फोन केला. सकाळपर्यंत चार घरची माणसं आली. कुणी कागदपत्रांचं पाहिलं, कुणी गुरुजी शोधले, कुणी पिठलं-भात आणला. त्यातल्या दोघांना मी फक्त कोजागिरीला भेटलो होतो." खांदा द्यायला चार माणसं लागतात, असं आपण म्हणतो. इथे ती वाड्यात, आळीत आयती असतात. तिथे ती कोजागिरीच्या दुधावर आधी जमवावी लागतात. त्या बटाटेवड्यांचा हा एक अर्थ.

दुसरं उत्तर आहे मान्यता. हेगेल या जर्मन तत्त्वज्ञाचं म्हणणं असं, की माणसाला स्वतःची जाणीव एकट्यानं पुरी होत नाही. दुसऱ्यानं आपल्याला माणूस म्हणून मानावं लागतं. आता आपल्या कोकणातले बेने इस्राएल पाहा. घरात मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले जाणारे हे लोक. 1948 नंतर ते मोठ्या संख्येनं इस्राएलला गेले. आपल्या धर्माच्या देशात निघालो, अशी भावना होती. तिथे 1960 नंतर त्यांच्या लग्नांच्या बाबतीत धर्मपीठानं त्यांच्या पूर्वजांची चौकशी लावली. म्हणजे इथे ते ज्यू म्हणून वेगळे आणि तिथे ज्यू असण्याबद्दलच शंका! एकेकट्या नवरा-नवरीनं दाद मागितली असती तर कोण ऐकणार? समाज संघटित झाला, लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, आणि 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेनं ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं जाहीर केलं. याच लोकांनी पुढे तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं, हेही लक्षात ठेवू.

तिसरं उत्तर, वारसा. याचा एक धागा थेट आमच्या कात्रजपर्यंत येतो. अमेरिकेतल्या मराठी शाळा बहुतेक शनिवार-रविवारी भरतात, आईवडीलच शिकवतात. त्यांच्यासाठी बृहन्महाराष्ट्र मंडळानं भारती विद्यापीठाच्या साहाय्यानं अभ्यासक्रम आखला. त्या विद्यापीठाचा परिसर इथे, कात्रज-धनकवडीला, सातारा रस्त्यावर. पण वारसा म्हणजे भाषाच का? मॉरिशसला 1834 पासून करारावर मजूर नेले गेले, त्यांत कोकणातले आणि आसपासचे मराठी लोकही होते. त्यांच्या वंशजांच्या घरात आज मुख्यतः क्रिओल बोलतात. मराठी ही त्यांना शाळेत शिकायची भाषा झाली. तरी गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते आणि जाखडीशी नातं सांगणारी झाकरी तिथे नाचली जाते. ते मराठी नाहीत, असं म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

आता दुसरी बाजू. मंडळ मायदेशाकडेच तोंड करून बसलं तर काय होतं? जपानमधल्या कोरियन लोकांच्या दोन मोठ्या संघटना आहेत: 1946 ची मिंदान आणि 1955 ची चोंगर्योन. पहिली दक्षिणेच्या बाजूची, दुसरी उत्तरेच्या. नोकरी, नागरिकत्व, एके काळी सरकार दरबारी द्यावे लागणारे बोटांचे ठसे, ही दुखणी सगळ्यांची एकच. पण मायदेशाची फाळणी परक्या गल्लीतही उतरली आणि शेजारीशेजारी राहणारे दोन तंबूंत गेले. आपणही इथली जात, इथलं पक्षीय भांडण सामानात बांधून नेतो. म्हणून कुठल्याही मंडळाला एक प्रश्न विचारावा: कार्यक्रमाला किती लोक आले ते ठीक, पण कोण येत नाही? नव्यानं आलेला विद्यार्थी, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली एकटी बाई, नातवंडं सांभाळायला आलेली आणि दिवसभर घरात बसलेली आजी, 'आपल्यातला नाही' म्हणून बाजूला राहिलेला मराठीच माणूस. अडचणीत त्यांना मंडळाचा फोन नंबर आठवतो का? आमच्या मते मंडळाची परीक्षा ही.

आणि हीच परीक्षा आपल्यालाही द्यावी लागते. कात्रजलाही माणसं लांबून आली आहेत: मराठवाड्यातून, बिहारमधून, नेपाळमधून. ती आपापल्या लोकांत जमून सण करतात तेव्हा आमच्याच बाकावर कुणीतरी म्हणतं, "इथे आलात ना, मग इथल्यासारखे राहा की!" मुलाच्या मंडळाचा फोटो कौतुकानं दाखवणारा हात तोच असतो.

परवा त्या गृहस्थांना आम्ही आमच्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पोराला विचारायला हवं, त्याच्या गावात मंडळ आहे का ते."

पुढच्या खेपेस इथूनच पुढे जाऊ.