चक्रांची बेरीज

पूर्वी पुष्कळ घरांत अशी रीत होती, की बारसे आटोपून पाहुणे पांगले म्हणजे एखादी वृद्ध आजी पाळण्यातील बालकाच्या मुठी हलकेच उलगडून त्याच्या बोटांच्या अग्रांवरील शंख आणि चक्रे निरखू लागे, आणि दहाही बोटांना चक्रे आढळली तर हे मूल राजा होणार असे भाकीत मोठ्या समाधानाने सांगे. सामुद्रिकाच्या या भाकितावर कोणी विश्वास ठेवो अगर न ठेवो. परंतु तीच चक्रे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या एका सरकारी कचेरीत गणिताच्या एका तरुण विद्यार्थ्याने अगदी निराळ्या हेतूने मोजली, आणि त्या मोजणीतून गुन्हेतपासाच्या शास्त्राला जगभर मान्यता पावलेले एक साधन लाभले, ही हकीकत मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. त्या विद्यार्थ्याचे नाव काझी अझीझुल हक. न्यायसहायक विज्ञानाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने मार्गदर्शकाकडून काय घ्यावे, स्वतःच्या अध्ययनाने काय मिळवावे आणि मार्गदर्शकाने त्याच्या पदरात काय घालावे, या तिन्ही प्रश्नांचा विचार करताना मला वारंवार त्याच्याच चरित्राकडे वळावेसे वाटते.

हक यांच्या पुढ्यात जो प्रश्न आला तो समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १८५८ सालच्या जुलै महिन्यात बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या तरुण मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या मक्तेदाराशी रस्त्यासाठी खडी पुरवण्याचा करार केला, तेव्हा पुढे हा गृहस्थ आपली सही नाकबूल करील या शंकेने त्याने त्याच्या उजव्या पंजाचा शाईचा ठसाच त्या दस्तऐवजावर उमटवून घेतला. पुढे हर्शेल यांना या ठशांचा छंदच जडला, आणि १८७७ साली हुगळीचे मॅजिस्ट्रेट असताना त्यांनी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या ओळखीसाठी, दस्तांच्या नोंदणीसाठी आणि तुरुंगातील कैद्यांसाठी बोटांचे ठसे घेण्याचा प्रघात आपल्यापुरता सुरू केला. जुन्या खरेदीखतांवर आणि गहाणखतांवर ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ ही अक्षरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या व्यवहारातील मर्म निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. त्यानंतर इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन यांनी १८९२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या रेषा जन्मभर बदलत नाहीत, आणि दोन व्यक्तींचे ठसे तंतोतंत सारखे असण्याचा संभव जवळजवळ नाही, हे साधार मांडले. तसेच ठशांचे कमान, शंखासारखा फास आणि चक्र असे तीन मुख्य प्रकारही ठरवून दिले.

एवढे झाले तरी पोलिसांची खरी अडचण जिथल्या तिथेच राहिली, कारण ती शरीररचनेची नव्हती, दप्तराची होती. समजा, एखादा सराईत गुन्हेगार आज पकडला गेला आणि त्याने आपले नाव, गाव, बापाचे नाव सारेच खोटे सांगितले. त्याच्या पूर्वीच्या शिक्षेचा कागद दप्तरात आहे. पण हजारो कागदांत तो शोधायचा कसा? नावाने शोधावा तर नावच खोटे, आणि एकेक कागद भिंगाखाली धरून ताडून पाहावा तर एका माणसाच्या ओळखीपायी कारकुनांचे महिनेच्या महिने खर्ची पडायचे. पॅरिसच्या बर्टिलाँ यांनी शरीराच्या अवयवांची मापे घेऊन माणूस ओळखण्याची जी पद्धत काढली होती ती बंगालमध्येही चालू करण्यात आली. परंतु एका जमादाराने घेतलेले माप दुसऱ्याच्या मापाशी जुळेलच असा भरवसा नसल्यामुळे तिच्यात चुकांना वाव फार राही.

बंगाल पोलिसांचे इन्स्पेक्टर जनरल एडवर्ड हेन्री यांनी ही अडचण अचूक हेरली. ते १८९४ साली गाल्टन यांना समक्ष भेटून आले होते, आणि ठशांचे महत्त्व त्यांना पुरते पटले होते. परंतु हे काम लाठीचे किंवा हुकुमाचे नसून संख्याशास्त्राचे आहे, हे ओळखून त्यांनी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राचार्यांकडे गणितात निष्णात अशा विद्यार्थ्याची मागणी केली. प्राचार्यांनी खुलना जिल्ह्यातून आलेल्या अझीझुल हक यांची शिफारस केली, आणि हा तरुण पोलीस खात्यात फौजदाराच्या हुद्द्यावर रुजू झाला. मार्गदर्शक म्हणून हेन्री यांचे मोठेपण मला याच ठिकाणी दिसते. त्यांनी शिष्याला तयार उत्तर दिले नाही, कारण ते त्यांच्यापाशी नव्हतेच. त्यांनी त्याला एक नेमका प्रश्न दिला, त्या प्रश्नावर काम करण्यासाठी खऱ्याखुऱ्या ठशांचा साठा दिला, आणि त्याच्या डोक्यावर हुकूम न चढवता त्याच्या बुद्धीला मोकळे रान दिले.

हक यांनी जी युक्ती योजली ती शाळेतील बेरजेपलीकडे न जाणारी, आणि म्हणूनच विस्मयकारक आहे. त्यांनी दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या : उजवा अंगठा व उजवी तर्जनी ही पहिली, उजवी मध्यमा व उजवी अनामिका ही दुसरी, उजवी करंगळी व डावा अंगठा ही तिसरी, डावी तर्जनी व डावी मध्यमा ही चौथी, आणि डावी अनामिका व डावी करंगळी ही पाचवी. मग प्रत्येक बोटाला एकच प्रश्न विचारायचा : येथे चक्र आहे की नाही? नसेल तर शून्य. असेल तर पहिल्या जोडीतील बोटाला १६, दुसऱ्या जोडीतील बोटाला ८, तिसऱ्या जोडीत ४, चौथीत २ आणि पाचवीत १ असे गुण द्यायचे. प्रत्येक जोडीतील दुसऱ्या बोटांच्या गुणांची बेरीज अंशस्थानी आणि पहिल्या बोटांच्या गुणांची बेरीज छेदस्थानी लिहायची, आणि कोठेही शून्य उरू नये म्हणून दोहोंत एकेक मिळवायचा. एखाद्या माणसाच्या केवळ उजव्या अंगठ्यावर आणि उजव्या अनामिकेवर चक्र असेल, तर अनामिकेचे ८ अधिक १ मिळून अंश ९, आणि अंगठ्याचे १६ अधिक १ मिळून छेद १७. म्हणजे त्याचा कागद ९/१७ या खणात जायचा. ज्याला एकही चक्र नाही त्याचा खण १/१, आणि आमच्या आजीबाईंच्या हिशेबी जो राजा, त्या दहा चक्रांच्या माणसाचा खण ३२/३२. अंश १ पासून ३२ पर्यंत आणि छेदही १ पासून ३२ पर्यंत, तेव्हा एकंदर खण १,०२४. आणि मनुष्य कोणीही असो, त्याच्यासाठी यांपैकी एक आणि एकच खण ठरलेला. नाव खोटे सांगता येते, गाव खोटे सांगता येते; परंतु आपला खण कोणाला बदलून मागता येत नाही.

या रचनेलाही एक पेच होता. निसर्ग ठशांची वाटणी समान करत नाही. शंखासारखे फास सर्व ठशांत सुमारे साठ ते पासष्ट टक्के, चक्रे सुमारे एक तृतीयांश, आणि कमानी फारच थोड्या. त्यामुळे १/१ सारख्या काही खणांत कागदांची दाटी होई, तर काही खण जवळजवळ रिकामे राहत. यावर उपाय म्हणून फासाच्या मध्यापासून त्याच्या कडेच्या त्रिकोणापर्यंत मधे किती रेषा पडतात ते मोजून, आणि चक्राच्या रेषा कोणीकडे वाहत जातात ते पाहून, प्रत्येक खणाचे पोटविभाग करण्यात आले. या पोटविभागणीत हक यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांचा वाटा मोठा होता. ठशाचे वर्णन तारेने दूरच्या ठाण्याला कळवता यावे यासाठी सांकेतिक लिपीही बोस यांनीच सिद्ध केली. १८९७ साली सरकारने नेमलेल्या समितीने ही पद्धत तपासून तिला पसंती दिली, आणि त्याच वर्षी कलकत्त्यास जगातील पहिले अंगुलिमुद्रा केंद्र स्थापन झाले. १८९९ साली पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ठशांविषयीचे तज्ज्ञाचे मत न्यायालयात ग्राह्य ठरले.

त्या काळातील एक खटला आजच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जलपाइगुडी जिल्ह्यातील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा त्याच्या राहत्या जागी गळा चिरून खून झाला, आणि त्याच्या लुटलेल्या पेटीत सापडलेल्या बंगाली पंचांगाच्या वेष्टनावर तपकिरी डाग आढळले. त्यांपैकी एक डाग अंगठ्याचा होता, आणि तो त्याच व्यवस्थापकाकडे पूर्वी चोरी करून शिक्षा भोगलेल्या नोकराच्या दप्तरातील ठशाशी जुळला. परंतु १८९८ साली न्यायालयाने त्या माणसाला चोरीबद्दल दोषी ठरवून खुनाच्या आरोपातून मुक्त केले. कारण त्या अंगठ्याने पंचांगाला स्पर्श केला होता एवढेच ठशाने सिद्ध होत होते, सुरी कोणी चालवली हे सिद्ध होत नव्हते. पुरावा जेवढे बोलतो तेवढेच त्याच्याकडून वदवून घ्यावे, त्याहून एक अक्षरही अधिक नको, हा या शास्त्राचा पहिला पाठ होय. आणि तो पुस्तकातील व्याख्या पाठ करून येत नाही, स्वतः भिंगाखाली तासन् तास डोळे घालून, आपल्याला काय दिसते आणि काय दिसल्यासारखे वाटते यांतील भेद ओळखूनच तो येतो.

येथेच गुरूच्या मोठेपणाचा धोकाही सुरू होतो. २००४ सालच्या मार्चमध्ये माद्रिद येथे आगगाड्यांत बॉम्बस्फोट झाले, आणि त्या प्रकरणातील एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेच्या एफबीआयने ओरेगन राज्यातील एका वकिलाचा ठरवला. अनुभवी तज्ज्ञाने दिलेला निर्णय दुसऱ्याने तपासला, तिसऱ्यानेही तपासला, आणि सर्वांनी त्याला दुजोरा दिला. पण स्पेनच्या पोलिसांनी तोच ठसा एका अल्जिरियन इसमाचा असल्याचे दाखवून दिले, तेव्हा त्या निरपराध माणसाची सुटका झाली आणि सरकारला त्याची माफी मागावी लागली. पहिल्या तज्ज्ञाचे मत आधी ठाऊक असताना केलेली तपासणी ही तपासणी राहत नाही, हे या प्रकरणाने शिकवले. म्हणूनच या शास्त्रात शिष्याची स्वतंत्र बुद्धी हा केवळ त्याच्या विकासाचा भाग नाही, ती न्यायाचीच एक गरज आहे. ‘गुरुजी म्हणतात म्हणून’ हे उत्तर अन्य विद्यांत कदाचित विनय ठरेल. येथे त्याने एखाद्या निरपराध्याच्या हातात बेड्या पडतील.

आता हकीकतीचा उरलेला आणि मनाला टोचणारा भाग. हेन्री यांचा वर्गीकरणावरील ग्रंथ १९०० साली निघाला, १९०१ साली ते स्कॉटलंड यार्डात गेले आणि तेथे ही पद्धत चालू झाली, आणि जगाने तिला ‘हेन्री पद्धती’ हे नाव दिले. ज्याने चक्रांची बेरीज मांडली त्याचे नाव त्या नावात कोठेच नव्हते. पुढे हक यांना खानबहादुर आणि बोस यांना रायबहादुर हे किताब मिळाले, पाच पाच हजार रुपयांचे बक्षीसही सरकारने दिले. आणि १९२६ साली हेन्री यांनी स्वतः लेखी कबुली दिली, की या पद्धतीच्या परिपूर्तीसाठी आपल्या हाताखालील सर्वांत अधिक परिश्रम हक यांचे होते. ही कबुली उमद्या मनाची खरी. परंतु ती यायला जवळजवळ तीस वर्षे लागली, आणि हक यांच्या आयुष्याची अवघी नऊ वर्षे तेव्हा उरली होती. कोणाचा ठसा कोठे उमटला आहे हे शोधून काढणे हेच ज्या विद्येचे व्रत, तिच्या मुळाशीच एका माणसाचा ठसा इतका काळ पुसट राहावा, याचे दुःख वाटल्यावाचून राहत नाही.

आज मुंबईच्या न्यायसहायक विज्ञान संस्थेत किंवा अन्यत्र या विषयाचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना ठसे शोधून देणारे संगणक उपलब्ध आहेत, आणि १,०२४ खणांच्या कपाटाची व्यवहारात गरज उरलेली नाही. तरीही माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे, की शाईची एक फळी, थोडे पांढरे कागद आणि एक भिंग एवढ्या सामग्रीवर त्यांनी घरातल्या माणसांचे, त्यांच्या संमतीने, दहाही बोटांचे ठसे घ्यावेत, चक्रे मोजून प्रत्येकाचा अपूर्णांक स्वतः काढावा, आणि मग तोच कागद आपले उत्तर न सांगता मित्राकडून मोजून घ्यावा. दोघांची उत्तरे जेथे जुळणार नाहीत तेथेच खरे अध्ययन सुरू होते. चक्र म्हणावे की फास, अशा संदिग्ध ठशापुढे बसून संदिग्धाला संदिग्ध म्हणण्याचे धैर्य तेथेच अंगी येते. मार्गदर्शकाने त्या वेळी उत्तर सांगण्याची घाई करू नये. पुन्हा पाहा, एवढेच म्हणावे.

आपल्याकडे पंचनाम्याचा एक जुना शिरस्ता आहे : ज्याने समक्ष पाहिले त्यानेच खाली सही करायची, आणि जे पाहिले तेवढ्याचीच. विद्यार्थ्याच्या वहीलाही हाच शिरस्ता लागू व्हावा. ज्याने रेषा मोजल्या त्याचे नाव आणि तारीख आधी; ज्याने ते काम पुन्हा स्वतंत्रपणे तपासले त्याची सही त्याखाली; आणि ज्याने प्रश्न सुचवला त्याचे नाव प्रश्नापाशी. कलकत्त्याच्या त्या कचेरीत एवढे जरी पाळले गेले असते, तरी अझीझुल हक यांना आपल्या बेरजेवरील सहीसाठी तीस वर्षे थांबावे लागले नसते.