दारूगोळा आणि दाणागोटा

दिवाळीत आमच्या डोंबिवलीच्या इमारतीच्या अंगणात मुले दरवर्षी मातीचा किल्ला करतात. यंदा किल्ला पुरा होताच दोन बालसेनापतींत तंटा लागला. एकाने किल्ल्याभोवती मावळ्यांचा वेढा घातला होता. दुसऱ्याने त्या वेढ्यातून मातीची गवळण थेट दरवाजापाशी आणून उभी केली.

"काका, वेढा म्हणजे वेढा! गवळण आत जाणार नाही!"

"तिच्या डोक्यावर दूध आहे, दारूगोळा नाही!"

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. कायद्याशी माझा संबंध घरपट्टीच्या पावतीपुरता! "फराळानंतर निकाल देतो," असे सांगून मी वेळ मारून नेली. पण पुस्तके चाळू लागलो तेव्हा ध्यानात आले, की याच गवळणीवरून जगातले मोठमोठे न्यायाधीशही भांडले आहेत.

वेढे आपल्या परिसराला नवे नाहीत. आजचे ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह म्हणजे पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला किल्ला. १७३७ साली तो मराठ्यांनी घेतला. साष्टी हातची गेली आणि वसईचा पाठीमागचा मुलूख तुटला. १७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजीअप्पांनी वसईला वेढा घातला. मे महिन्यात सुरुंगांनी तट फुटला व पोर्तुगीज शरण आले. तहात काय ठरले? शिबंदीने शस्त्रांसह, निशाण फडकवीत बाहेर पडावे. बायकामुलांनी व रहिवाशांनी आपली चीजवस्त न्यावी. जे मागे राहतील त्यांनी आपला धर्म पाळावा. लढाई किल्ल्याशी होती. तो पडल्यावर माणसांवर सूड उगवायचा नव्हता.

मात्र वेढा चालू असता रसद तोडणे हे त्या काळी सगळ्याच जगाला मान्य होते. फार लांब कशाला, दुसऱ्या महायुद्धापर्यंत कायदा जवळजवळ तेथेच होता. लेनिनग्राडचा वेढा १९४१ ते १९४४ असा ८७२ दिवस चालला व लक्षावधी नागरिक भुकेने मेले. उपासमारीतून पळू पाहणाऱ्या नागरिकांवर तोफा डागून त्यांना मागे लोटण्याच्या हुकुमाचा प्रश्न १९४८ साली न्यूरेंबर्गच्या न्यायाधीशांपुढे आला. कायदा निराळा असता तर बरे झाले असते, पण आहे त्या कायद्याने हा गुन्हा ठरत नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेवले. वाचताना अंगावर काटा येतो.

पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, जिनिव्हाचा चौथा करार झाला. त्याचे ३३ वे कलम सांगते, की जो गुन्हा माणसाने स्वतः केला नाही त्याबद्दल त्याला शिक्षा नाही. सामुदायिक शिक्षा बंद! २३ वे कलम तर आमच्या गवळणीचेच. नागरिकांची औषधे आणि पंधरा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व बाळंतिणी यांचे अन्न यांना वाट द्यावी. अट अशी, की तो माल शत्रूच्या फौजेच्या मुदपाकखान्यात जाता कामा नये. भारताने हा करार १९५० सालीच मान्य केला. १९७७ च्या जादा करारनाम्याने नागरिकांची उपासमार हे युद्धाचे साधन म्हणून सर्वस्वी निषिद्ध ठरविले. त्यात मात्र भारत सामील नाही.

येथपर्यंत आपण परक्यांचा न्याय करीत होतो. आता आपल्या घरात डोकावू. १९५४ पासून भारताने गोव्याची आर्थिक कोंडी सुरू केली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर सीमा बंद झाली, आगगाडी थांबली. मुंबईत राबणाऱ्या गोवेकराला म्हापशाच्या म्हातारीला पैसे धाडणे कठीण झाले. आमच्या शेजारच्या आजी मूळच्या तिकडच्या. त्या सांगत, "स्वातंत्र्य आम्हांलाही हवं होतं हो, पण माझ्या आईनं सालाझारचं काय घोडं मारलं होतं?"

कायद्याचा पंडित म्हणेल, ही युद्धातली नाकेबंदी नव्हेच. आपली सीमा बंद करणे निराळे आणि दुसऱ्याच्या बंदरावर युद्धनौका उभ्या करणे निराळे. गोव्याचा समुद्र मोकळा होता. बटाटे हॉलंडहून आले, सिमेंट जपानहून. दाबोळीचा विमानतळ याच काळात झाला. उपासमार झाली नाही, आणि सालाझारही नमला नाही. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी, लष्करी कारवाईने. पंडितांचे म्हणणे खरे, आणि आजींचा प्रश्नही खरा.

याच झगड्यातला एक खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता. दादरा आणि नगरहवेलीला जाण्यास भारताने वाट द्यावी, ही पोर्तुगालची मागणी. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खासगी माणसे, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांना वाटेचा हक्क होता, मात्र तो भारताच्या नियंत्रणाखाली. सैनिक, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हता. भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असेही न्यायालयाने ठरविले. दाणागोटा वेगळा, दारूगोळा वेगळा!

ही रेघ सोपी वाटते, पण आजही ती पुसली जाते. गाझाच्या सागरी नाकेबंदीविषयी २०१० साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेच्या चौकशी मंडळाने 'ही सामुदायिक शिक्षा, म्हणून बेकायदा' असे म्हटले. तर २०११ साली महासचिवांनी नेमलेल्या पामर समितीने 'शस्त्रे रोखण्याचा हा कायदेशीर उपाय' असा निर्वाळा दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू यांच्यावर अटकेचे वॉरंट काढले. त्यातील एक आरोप उपासमारीचे हत्यार वापरल्याचा आहे. आरोप म्हणजे निकाल नव्हे. पण न्यूरेंबर्गला जो गुन्हाच नव्हता तो आज आरोपपत्रात मावतो, एवढी मजल माणसाने खचित मारली आहे.

कोणताही पक्ष आपली बाजू न्यायाचीच म्हणणार. म्हणून हेतू ऐकून घ्यावा, आणि मग चूल कोणाची विझली ते पाहावे. आपल्या बाजूच्या वेढ्यालाही हीच कसोटी लावावी. तेथेच ती जड जाते.

फराळ झाल्यावर मी अंगणात जाऊन निकाल दिला : वेढा कायम, गवळणीची घागर तपासावी आणि तिला आत सोडावे. वेढा घालणारा सेनापती जरा हिरमुसला. मग त्याने एक मावळा उचलला व गवळणीच्या सोबतीला दरवाजापर्यंत नेऊन ठेवला.