मिस्टरांच्या माघारी जेसीबी विकायचाय? योग्य भाव असा काढा



ज्या घरातला मशीनवाला माणूस जातो, त्या घरी मशीनचं पहिलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा तेराव्याच्या आधीच येऊन बसतं. कधी तो ओळखीचा कंत्राटदार असतो, कधी शेजारच्या गावचा मशीनमालक, कधी भावकीतलाच कुणीतरी. बोलणं गोड असतं. "वहिनी, मशीन उभं राहिलं की सडतं. फायनान्सवाले ओढून नेतील. मी घेतो, तुम्हाला डोक्याला ताप नको." आणि मग एक आकडा सांगितला जातो. त्याच्या मनात खोट असेलच असं नाही. पण आकडा त्याच्या सोयीचा असतो, आणि तुमच्याकडे तो तोलून बघायला दुसरा आकडाच नसतो.

आमचं सांगलीत हायड्रॉलिक पाईप आणि सील किटचं दुकान आहे. मशीनमालक, ऑपरेटर, मेकॅनिक सगळे काउंटरवर येतात, त्यामुळे कुठलं मशीन कितीला गेलं हे कानावर पडतच राहतं. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. एकाच वर्षाची, जवळपास सारख्याच तासांची दोन मशीनं असतात; एक मालक स्वतः विकतो आणि दुसरं त्याच्या बायकोला विकावं लागतं. दुसऱ्याला भाव कमी येतो. मशीन वाईट म्हणून नाही, तर कागद अर्धवट, माहिती नाही आणि घाई दिसते म्हणून. या तिन्ही गोष्टी दुरुस्त करता येतात. आज त्याच बघू.

धंदा सुरू करू पाहणाऱ्यांसाठी हा विषय का, असं कुणाला वाटेल. कारण सोपं आहे. अशा ताईच्या हातात येणारे हे पैसेच पुढे तिचं भांडवल असतात. आणि तुमच्यातले कितीतरी जण पहिलं मशीन जुनंच घेणार आहेत. आज ना उद्या या टेबलाच्या कुठल्या तरी बाजूला तुम्ही बसणारच.

पहिले पंधरा दिवस: विकू नका, सांभाळा

किल्ल्या, आरसी आणि फाईल स्वतःच्या ताब्यात घ्या. कुणाकडूनही विसार घेऊ नका. पाच हजार घेतले तरी "शब्द दिलाय" म्हणून नंतर तोंड बांधलं जातं.

मशीन उभं करताना बूम आणि बकेट असं ठेवायला सांगा की सिलेंडरचे रॉड जास्तीत जास्त आत राहतील. उघड्या रॉडला गंज चढला की तो सील फाडतो, आणि सील फाटलं की तेल गळतं. आठवड्यातून एकदा इंजिन १५-२० मिनिटं चालू करून सगळे लिव्हर हलवायला लावा. बॅटरी टिकते, आणि गिऱ्हाईक आलं की मशीन एका चावीत सुरू होतं. चावीला सुरू न होणाऱ्या मशीनला चांगला भाव मागायला तोंड उरत नाही.

विम्याची तारीख बघा. मालक गेल्यावर गाडीचा विमा लगेच बंद पडत नाही. तो मृत्यूपासून ३ महिने किंवा पॉलिसीची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालतो. त्याआधी कंपनीला कळवून तो वारसाच्या नावावर करून घ्यायचा. मशीन कामावर पाठवत असाल तर यात एक दिवसही हयगय नको.

विकायचा हक्क आधी तुमच्या नावावर

आपण सगळ्याच बॅकहो लोडरला जेसीबी म्हणतो, कंपनी कुठलीही असो. हे चाकावरचं मशीन आरटीओकडे नोंदलेलं असतं. मालक वारल्यावर ज्याच्या ताब्यात गाडी येते त्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा, असा मोटार वाहन नियम आहे. साखळीवरच्या पोकलेनची अनेकदा आरटीओ नोंद नसते. तिथे मूळ खरेदी बिल हाच मालकीचा मोठा पुरावा, म्हणून ते जपा.

वारस कोण हे नीट समजून घ्या. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलं, मुली आणि त्या माणसाची आई यांचा सारखा हिस्सा असतो. म्हणजे सासूबाई वारस आहेत, पण ही मंडळी हयात असताना सासरे आणि दीर वारस नाहीत. इतर धर्मीयांसाठी त्यांचा त्यांचा कायदा लागतो. तहसीलचा वारस दाखला आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र काढून ठेवा. वाद असेल तर दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. सासूबाईंना विचारात घेऊन, त्यांचा हिस्सा मान्य करून पुढे जा. व्यवहार अडतो तो बहुतेक वेळा शेवटच्या सहीपाशीच.

"नावावर करायची भानगड नको, कोऱ्या फॉर्मवर सही द्या, पुढचं मी बघतो," असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. नोंद ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. मशीन दुसऱ्याच्या कामावर आणि नोटीस तुमच्या दारात, असं व्हायला नको.

फायनान्स: घाबरू नका, लेखी मागा

फायनान्स कंपनीकडून दोन गोष्टी लेखी घ्या. एक, आज कर्ज बंद करायचं तर किती भरावे लागतील ते फोरक्लोजर लेटर. दोन, या कर्जावर विमा उतरवला होता का. कर्ज देताना बऱ्याचदा कर्जासोबत जीवन विमाही दिलेला असतो, त्याचा हप्ता कर्जातच मिळवलेला असतो, आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो. असा विमा निघाला तर मशीन विकायची गरजच बदलू शकते. म्हणून हा प्रश्न सगळ्यात आधी.

तुमची सही कर्जावर कशी आहे तेही बघा. तुम्ही फक्त वारस असाल तर मिस्टरांकडून जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरतीच देणी. पण सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही असेल तर पूर्ण कर्जाला तुम्ही बांधील आहात. "मशीन घेऊन जा, विषय संपवा" असं रागात म्हणू नका. लिलावात कमी पैसे आले तर उरलेली बाकी तुमच्याच मागे लागते.

मशीनची कुंडली एका पानावर

हे पान तयार करा:

- मॉडेल, बनावटीचं वर्ष, चेसिस आणि इंजिन नंबर
- मीटरवरचे तास
- उत्सर्जनाचा टप्पा (चाकावरच्या बांधकाम यंत्रांना एप्रिल २०२१ पासून बीएस-४ आणि जानेवारी २०२५ पासून पाचवा टप्पा लागू आहे)
- चारही टायर किती टक्के शिल्लक
- सोबत काय येतं: रॉक ब्रेकर, जादा बकेट, टूल किट
- झालेली मोठी कामं, तारखेसह

तासांच्या आकड्यावर गिऱ्हाईक लगेच शंका घेतं. म्हणून सर्व्हिस बुक आणि स्पेअरची बिलं लावून दाखवा. अनेक मशीनमध्ये कंपनीची ऑनलाईन देखरेख असते, तिथूनही तासांची नोंद मिळते. फाईल सापडत नसेल तर मिस्टर जिथून स्पेअर घ्यायचे त्या दुकानात जा. आमच्यासारख्यांकडे बिलाच्या प्रती असतात, आणि आम्ही त्या आनंदाने काढून देतो.

मग घेणाऱ्याशी संबंध नसलेला मेकॅनिक बोलवा, त्याची फी द्या आणि अहवाल लेखी मागा. थंड इंजिन एका चावीत सुरू होतंय का, धूर कुठल्या रंगाचा, बूमच्या पिन-बुशमध्ये आणि किंगपोस्टमध्ये किती खेळ, कुठे तेल गळतंय, आणि बूम उचलून इंजिन बंद केल्यावर तो आपोआप किती खाली येतो, हे त्याने बघायचं. दुरुस्तीचा अंदाजही त्याच कागदावर घ्या.

ऑपरेटरला विसरू नका. मशीनची नस त्यालाच माहीत असते, आणि घेणारा आधी त्यालाच चहाला नेतो. त्याच्याशी मोकळं बोला: "दादा, व्यवहार झाला की तुमचे इतके नक्की." काय ते उघड ठरलं की तो तुमच्या बाजूने उभा राहतो.

भाव: आकडेमोड अशी करा

जाहिरातीतला भाव हा मागण्याचा असतो, मिळण्याचा नाही. आपल्याला खरोखर झालेले व्यवहार हवेत. मेकॅनिक, स्पेअरवाले, दुसरे मशीनमालक यांना विचारून सारखं वर्ष आणि जवळपास तेवढेच तास असलेली तीन मशीनं शोधा.

समजा ती १५ लाख, १५.५ लाख आणि १६ लाखांना गेली. मधला आकडा १५.५ लाख. मेकॅनिकने टायर आणि पिन-बुशचं काम ९० हजारांचं सांगितलं. म्हणजे आहे त्या अवस्थेत योग्य भाव साधारण १४.६ लाख. बोलणं सुरू करताना १५.५ सांगा, आणि मनात १४.६ ठेवा.

आता थांबण्याचा खर्च काढा. समजा हप्त्यातलं व्याज महिन्याला ९ हजार, जागेचं भाडं ३ हजार, विम्याचा वाटा २ हजार. झाले १४ हजार. पूर्ण हप्ता इथे धरू नका, कारण मुद्दल भरलं की कर्जही तेवढं कमी होतं. चार महिने थांबलात तर ५६ हजार गेले. म्हणजे आज रोखठोक मिळणारे १४ लाख आणि चार महिन्यांनी मिळणारे १४.६ लाख जवळपास सारखेच. पण आज कुणी १२ लाख म्हणत असेल, तर चार महिने थांबूनही तुमचे दोन लाख वाचतात. "घाई करू की थांबू" याचं उत्तर या गणितात आहे. भावकीच्या सल्ल्यात ते सापडणार नाही.

हंगामही बघा. पावसाळ्यात खोदकाम थंडावतं, मशीनं उभी असतात आणि बोली उतरते. दसऱ्यापासून कामं निघतात तशी चौकशी वाढते. ऑगस्टमध्ये विकायचं असेल तर दोन महिन्यांच्या थांबण्याचा खर्च काढून मग ठरवा.

तीन दारं ठोठवा

एक, कंपनीच्या डीलरचा जुन्या मशीनचा विभाग. भाव थोडा कमी, पण पैसे आणि कागद व्यवस्थित. दोन, लिलाव. श्रीराम ऑटोमॉलसारख्या ठिकाणी जुनी यंत्रं बोलीवर विकली जातात; तिथे तुमची किमान किंमत आधीच ठरवून द्या आणि त्यांचं शुल्क विचारून घ्या. तीन, थेट वापरणारा माणूस: कंत्राटदार, वीटभट्टीवाला, क्रशरवाला. सगळ्यात चांगला भाव बहुधा इथेच मिळतो, पण पैसे तुकड्यातुकड्यात द्यायची सवयही इथेच.

तिघांकडूनही आकडा लेखी घ्या. व्हॉट्सॲपवरचा एक मेसेजसुद्धा चालतो. मग तेराव्याच्या आधी आलेल्या त्या पाहुण्याला शांतपणे सांगा, "भाऊजी, माझ्याकडे १४ ची बोली आहे. तुम्ही त्याच्यावर जाताय का?" भांडण नाही, रुसवा नाही. घेतलं तर उत्तम, नाही तर राम राम.

पैसे आधी, चावी नंतर

२ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. आरटीजीएस घ्या. कर्ज बाकी असेल तर घेणाऱ्याने ती रक्कम थेट फायनान्सच्या खात्यात भरायची आणि उरलेली तुमच्या खात्यात. फायनान्सकडून फॉर्म ३५ आणि एनओसी घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा, मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. मशीन दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसीही लागते. ताबा पावतीवर तारीख आणि वेळ दोन्ही लिहा.

मिस्टरांचा जीएसटी नंबर असेल, तर विकण्याआधी सीएंना भेटा. कर किती लागतो हे आधी कळलं तर तो भावात धरता येतो, नंतर कळलं तर खिशातून जातो.

आणि तुम्ही घेणारे असाल तर

अशा घरातून मशीन घेताना घासाघीस जरूर करा, पण दुरुस्तीच्या लेखी अंदाजावर करा. घरच्या दुःखावर करू नका. आपल्या धंद्यात गाव लहान असतं. कुणी विधवा बाईला फसवलं ही गोष्ट मशीनपेक्षा जास्त वर्षं चालते. आणि सरळ व्यवहार केला, तर तीच ताई पुढच्या दहा जणांना तुमचा नंबर देते.

आज तुमच्या नावावर मशीन, टेम्पो किंवा ट्रॅक्टर असेल तर एक काम आजच करा. आरसी, बिल, विमा, कर्जाचे कागद, सर्व्हिस बुक आणि कोणाकडून किती येणं आहे याची यादी, हे सगळं एका फाईलमध्ये लावा आणि ती फाईल बायकोला उघडून दाखवा. आरसीवर आता नॉमिनीचं नावही लावता येतं, ते लावून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत.