‘विचारच करू नकोस’ म्हटल्याने भीती जात नाही

परीक्षेच्या आदल्या रात्री टक्क जागा असलेला मुलगा, बायोप्सीच्या रिपोर्टची वाट पाहणारी बाई, नोकरी जाईल या धास्तीने खंगलेला माणूस, या सगळ्यांना आपल्याकडे एकच सल्ला मिळतो: ‘विचारच करू नकोस, मन शांत होईल.’ सांगणारी माणसं मायेचीच असतात. तरीही हा सल्ला ऐकला की चीड येते, कारण घाबरलेल्या माणसाचं ओझं त्याने वाढतं. भीती असतेच, वर मनावर पहारा द्यायचं काम मागे लागतं. आणि पहारा फसला की ‘माझं मनच कमकुवत’ असा ठपका तो स्वतःवर ठेवतो.

शंका असेल त्यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांचा 1987 मधला प्रयोग पाहावा. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते बोलत राहा, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजत राहिली. महत्त्वाचा भाग त्यापुढचा. त्याच विद्यार्थ्यांना नंतर अस्वलाचा विचार करायला सांगितलं, तेव्हा ज्यांना आधी मनाई केलीच नव्हती त्यांच्यापेक्षा यांच्या मनात ते जास्त वेळा आलं. एखादा विचार आला नाही ना, हे तपासायचं तर तो मनाच्या कोपऱ्यात जागा ठेवावाच लागतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. केंब्रिजच्या संशोधकांनी 2023 मध्ये 120 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भीतीचे विचार थोपवण्याचं प्रशिक्षण घेतलेल्यांना फायदा झाला. मात्र त्यात भीतीची आठवण करून देणारा शब्द समोर ठेवून, त्यावरून लक्ष न हटवता, पुढची कल्पनाचित्रं थांबवायची होती. आपल्या घरांत दिला जाणारा ‘मन दुसरीकडे वळव’ हा सल्ला त्याच्या नेमका उलट आहे.

जे विचारांचं, तेच वागण्याचं. लिफ्टची भीती वाटते म्हणून जिना चढायचा, छातीत धडधडलं की लगेच बीपी मोजायचं, मुलाला यायला उशीर झाला की दर पाच मिनिटांनी फोन करायचा. प्रत्येक वेळी क्षणभर बरं वाटतं आणि त्या बरं वाटण्यातूनच भीती पक्की होते. लिफ्ट सुखरूप वर गेली असती, धडधड आपोआप ओसरली असती, हे शिकण्याची संधीच मेंदूला मिळत नाही. म्हणून अशा भीतीवरच्या उपचारात तज्ज्ञ माणसाला पायरीपायरीने तिच्या समोर उभं करतात आणि ती असतानाच तिथे थांबायला शिकवतात.

तेव्हा ताबा सोडायचा तो भावनेवरचा. कामावरचा नाही. रिपोर्ट काय येईल हे त्या बाईच्या हातात नाही, पण डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून ठेवणं आणि सोबत कोणाला न्यायचं हे ठरवणं तिच्या हातात आहे. हात थरथरत असतानाही ते करता येतं.

याला विरोध करताना जे लोक गीतेचा आधार देतात, त्यांनी सहावा अध्याय पुन्हा वाचावा. मनाला आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं कठीण आहे, अशी अर्जुनाची तक्रार आहे. कृष्ण ती खोडून काढत नाही. मन चंचल आहे हे मान्य करून तो अभ्यास आणि वैराग्य सांगतो. आणि ‘सोडून देणं म्हणजे काहीच न करणं’ असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी: हा सगळा उपदेश रणात बसकण मारलेल्या माणसाला उभं करण्यासाठी आहे.

आता बाकीचे गैरसमज. ध्यानात मन कोरं व्हायला हवं, हे खोटं. लक्ष भरकटणारच, ते परत आणणं हाच सराव. ध्यान सगळ्यांना निर्धोक असतं, हेही खोटं. मोठा आघात सोसलेल्या काहींचा त्रास त्याने वाढतो, त्यांनी आधी तज्ज्ञांशी बोलावं. चिंतेवर सहसा पहिल्यांदा दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण त्या मनाने अचानक बंद करू नयेत. सवय लागण्याचा धोका अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचा आहे, आणि नेमक्या त्याच अनेकजण डॉक्टरांना न विचारता घेत राहतात. हे थांबायलाच हवं.

भीतीने झोप, जेवण किंवा कामावर जाणं बिघडलं असेल, तर घरच्या सल्ल्यांवर दिवस ढकलू नका. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक 14416 आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.