वटवट्याच्या नावातला कंस

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात, रंकाळ्याकाठच्या झुडपांत किंवा उसाच्या बांधावर सकाळी थोडा वेळ थांबले, की शेपटी उभारून सारखा ओरडणारा एक चिमुकला पक्षी दिसतो. पाठ राखाडी, पोट तांबूस-पिवळसर, आकार चिमणीपेक्षा लहान. हा राखी वटवट्या, बारा महिने इथेच राहणारा. थंडी सुरू झाली की दख्खनच्या कोरड्या माळांवर, बाभळींच्या झुडपांत त्याचा एक नाववाला पाहुणा येतो. मातकट रंगाचा, वजनाने दहा ग्रॅमच्या आसपास, मध्य आशियातून आलेला. त्याचे नाव साइक्सचा वटवट्या.

दोघांनाही शास्त्रीय नाव देणारा माणूस एकच. कर्नल विल्यम हेन्री साइक्स याची १८२४ मध्ये मुंबई सरकारने दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमणूक केली. पिके, जमीन, लोकसंख्या यांच्या नोंदी घेता घेता त्याने पक्षीही जमवले. मायदेशी परतल्यावर १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या इतिवृत्तात त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. त्या एकाच यादीत हे दोन्ही वटवटे होते.

आज त्यांची पूर्ण नावे अशी लिहितात: ‘प्रिनिया सोशियालिस साइक्स, १८३२’ आणि ‘इडुना रामा (साइक्स, १८३२)’. पहिला शब्द वंशाचा, दुसरा प्रजातीचा, त्यापुढे नाव देणारा आणि वर्ष. फरक आहे तो कंसाचा, आणि हा कंस छपाईची चूक नाही. नाव देणाऱ्याने प्रजाती ज्या वंशात ठेवली होती, ती अजून त्याच वंशात असेल तर कंस येत नाही. पुढे कोणी तिचे घर बदलले असेल, तर नाव देणारा आणि वर्ष कंसात जातात. म्हणजे राखी वटवट्या जवळपास दोनशे वर्षे आपल्या घरीच आहे. दुसऱ्याने मात्र बिऱ्हाडे बदलली आहेत.

साइक्सने त्याला ‘सिल्विया रामा’ म्हटले होते. रामा म्हणजे आपला राम. याच यादीत एका चंडोलाला त्याने ‘देवा’ असे नाव दिले. नंतर हा वटवट्या ‘हिप्पोलाइस’ या वंशात गेला. पुढे तज्ज्ञांना तो पायमोज वटवट्याचाच एक प्रकार वाटला. पायमोज वटवट्याचे ‘कॅलिगाटा’ हे नाव १८२३ चे, म्हणजे साइक्सच्या नावाहून नऊ वर्षांनी जुने. दोन प्रजाती एक केल्या की जुने नाव टिकते, असा नियम आहे. त्यामुळे विसाव्या शतकातील अनेक पक्षीग्रंथांत हा पक्षी ‘हिप्पोलाइस कॅलिगाटा रामा’ झाला. राम तिसऱ्या जागी, उपप्रजातीच्या ओळीत जाऊन बसला.

चालू शतकाच्या सुरुवातीला आवाज, शरीराची मापे आणि डीएनए यांचा पुरावा एकत्र पाहिल्यावर हे दोन पक्षी वेगळे असल्याचे मान्य झाले आणि ‘रामा’ पुन्हा दुसऱ्या जागी आला. २००९ मध्ये या कुळाच्या जनुकांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाल्यानंतर वंशही बदलला. इडुना ही उत्तर युरोपच्या पुराणकथांतील, देवांना तरुण ठेवणारी देवी. तिच्या शेजारी आता राम आहे.

याच संशोधनांच्या ओघात आणखी एक समजूत मोडली. बारीक चोच, साधा रंग, किड्यांवर गुजराण आणि अखंड वटवट असलेले पक्षी मराठीने ‘वटवटे’ म्हणून एकत्र ठेवले. युरोपातील शास्त्रज्ञांनीही अशा बहुतेकांना ‘सिल्विडी’ या एकाच मोठ्या कुळात घातले होते. झुडपांतले किडे टिपायचे, तर बारीक चोच आणि पानांत मिसळणारा रंग सोयीचाच. म्हणून दूरचे नातेवाईकही एकमेकांसारखे दिसू लागतात. डीएनएमध्ये पिढ्यान्‌पिढ्या साचलेले बदल ताडून पाहिल्यावर हे मोठे कुळ फुटले. राखी वटवट्या गेला ‘सिस्टिकोलिडी’ कुळात, तिथे पाने शिवून घरटे करणारा शिंपीही आहे. साइक्सचा वटवट्या गेला ‘अ‍ॅक्रोसेफॅलिडी’ कुळात, बोरूबनांतल्या वटवट्यांच्या सोबतीला.

हा शास्त्रज्ञांचा आपसातला खेळ वाटेल, पण त्याची किंमत माळावर मोजावी लागते. दोन पक्षी एकाच नावाखाली होते, त्या काळात निरीक्षकांच्या वह्यांत दोघांची एकच नोंद झाली. संग्रहालयात जपलेली कातडी पुन्हा मोजता येतात. वहीतल्या एका ओळीतून मात्र दोन पक्षी वेगळे काढता येत नाहीत. कोणता किती होता, कुठे होता, कमी झाला का, हे त्या नोंदींवरून आता सांगता येणार नाही. आणि हे पक्षी जिथे हिवाळा काढतात, ती काटेरी झुडपे आणि गवताळ माळ सरकारी दफ्तरात बहुधा ‘पडीक’ म्हणून नोंदलेले असतात. तिथे काय राहते याची नीट नोंद नसेल, तर जमीन रिकामीच होती असे म्हणणे सोपे जाते.

हौशी निरीक्षकांपुढे आजही अडचण आहेच. साइक्सच्या वटवट्याची चोच आणि शेपूट पायमोजपेक्षा किंचित लांब, रंग थोडा फिका. पण झुडपात क्षणभर दिसलेल्या पक्ष्यावरून ते ठरवणे अनुभवी डोळ्यांनाही जड जाते. त्यासाठी ‘ई-बर्ड’वर ‘पायमोज किंवा साइक्सचा’ अशी दुहेरी नोंद करण्याची सोय आहे. खात्री नसताना एक नाव ठोकून देण्यापेक्षा ती नोंद अधिक उपयोगी. सोबत आवाजाचे रेकॉर्डिंग आणि चोचीचा स्पष्ट फोटो ठेवला, तर पुढे कोणीतरी तो पक्षी योग्य नावाखाली लावू शकेल. उद्या वर्गीकरण पुन्हा बदलले, तरी असा पुरावा वाया जाणार नाही.